ब गट

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, त्यामुळे लिहिणे-वाचणे बंद होते. या सक्तीच्या रजेत एकाच गोष्टीचा विचार करत पडलो होतो. विषय कबड्डीचा आहे, पण नुसता कबड्डीचा नाही. त्यात आमच्या घरातली एक जुनी गोष्टही आहे आणि ती दादाच्या मुलांना आज पहिल्यांदाच कळणार आहे. त्यांना एवढीच विनंती, की शेवटपर्यंत वाचा आणि मगच फोन करा.

झाले असे. दीड महिन्यापूर्वी आमच्या गावात मारुतीच्या देवळात मंडळाची बैठक होती. शेजारच्या गावचे चार-पाच जण मुद्दाम आले होते. त्यांचे म्हणणे होते, की यंदापासून यात्रांच्या स्पर्धांना दोन्ही गावांचा मिळून एकच संघ उतरवावा. कारण उघडच आहे. मैदानात सात आणि राखीव पाच, असे बारा गडी लागतात. आमच्याकडे मोजून आठ भरतात, त्यातले दोघे पुण्याहून शनिवारी रात्री येणार. त्यांच्याकडे नऊ. म्हणजे दोन संघ अर्धे-मुर्धे, एक केला तर पुरता.

मी वयाने मोठा आणि निवृत्त गुरुजी, म्हणून मला विचारले. मी म्हणालो, "अरे, खेळात हरलेलं चालेल, पण गावाचं नाव पुसू नका." टाळ्या पडल्या. पाहुणे चहा घेऊन गेले. प्रस्ताव बारगळला.

घरी आलो आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कारण हेच वाक्य मी पूर्वी एकदा लिहून पाठवले होते, आणि त्याचे काय झाले ते मला चांगले ठाऊक होते.

ते सांगण्याआधी थोडा इतिहास सांगतो. तास घेतल्याशिवाय गुरुजींचे पाऊल पुढे पडत नाही, हे तुम्ही जाणताच.

आमच्या माणदेशात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि कित्येक वर्षी तेवढाही नाही. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत हा सगळा सारखाच मुलूख. माणगंगा नावाला नदी. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव ब्रिटिशांच्या काळात दुष्काळी कामातून उभा राहिला. आमच्या भागात काही मोठे बांधलेले दिसले की समजावे, त्या काळी लोक उपाशी होते. इथला माणूस पोटासाठी बाहेर पडतो, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मेंढरे घेऊन निघाले ते कोकणापर्यंत पोचले. सोने-चांदी गाळणारे गलाई कामगार पार बंगाल-पंजाबात जाऊन राहिले. आणि ज्यांच्याकडे मेंढरे नाहीत, भट्टीची कला नाही, ते मुंबईच्या गिरणीत गेले.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' तुम्ही वाचली असेल. ती वाचून लोक धनगरांबद्दल बोलतात, दुष्काळाबद्दल बोलतात. मला मात्र त्यातली तालीम आठवते. एक कोवळा मास्तर येतो, गावाला जमवून तालमीची इमारत उभी करतो. पुढे दुष्काळ पडतो आणि गावच उठून जाते. इमारत आहे, गडी नाहीत. आमच्या सगळ्या खेळांचा इतिहास त्यात आला, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता कबड्डी. आम्ही लहानपणी हुतूतूच म्हणायचो. पूर्वी तिचे तीन प्रकार होते. संजीवनी म्हणजे आपल्या गड्याने समोरचा मारला की आपला बाद झालेला गडी उठून परत आत येतो. गामिनी म्हणजे एकदा बाद झालेला बाहेरच, सगळा संघ बाद होईपर्यंत. आणि अमर म्हणजे कोणी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजायचे. गावोगाव नियम वेगळे, मैदाने वेगळी, भांडणे मात्र सारखी. मग विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडे देशी खेळांना शिस्त लावायची एक लाटच आली. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली खो-खोच्या नियमांचे काम सुरू झाले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली हुतूतूचे अखिल भारतीय सामने भरवले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडच्या लोकांना कबड्डी करून दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय फेडरेशन झाले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी आली आणि भारताने सुवर्णपदक घेतले. या सगळ्या खटपटीत ज्यांनी आयुष्य घातले त्या शंकरराव तथा बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

हा झाला पुस्तकात येणारा इतिहास. यात आमच्या गावाच्या संघाला जागा नाही, आणि ती असावी असेही नाही. आम्ही कायम दुसऱ्या फळीतले.

आमच्याकडच्या यात्रांच्या स्पर्धांत दोन गट असायचे. एक खुला गट आणि दुसरा वजनी गट. खुल्या गटाला कऱ्हाड, इस्लामपूर, सांगली या पट्ट्यातले तयार संघ यायचे. त्या भागात पाणी, ऊस आणि दूध, त्यामुळे गडी कसे बांधीव. आमची काटकुळी पोरे वजनी गटात. धान्याची पोती मोजायच्या काट्यावर पोरांना उभे करायचे. कोणी अर्धा किलोने जास्त भरला तर तो देवळाला चार फेऱ्या पळत मारून घाम काढून यायचा आणि पुन्हा काट्यावर चढायचा. मी स्वतः कोपऱ्यात खेळायचो. फार चांगला नव्हतो, पण एकदा पायाला मिठी बसली की सुटत नसे. रात्री खांबांवर पेट्रोमॅक्स टांगलेले असायचे. खुल्या गटाच्या अंतिम सामन्याला सगळा मुलूख लोटायचा. वजनी गटाच्या सामन्याला फक्त त्या दोन गावांतली माणसे. पण ती अख्खी यायची, बायाबापड्यांसकट.

थोरला भाऊ, आमचा दादा, १९६६ साली मुंबईला गिरणीत लागला. परळच्या एका खोलीत आमच्या गावचे चौदा जण. पाळ्या वेगवेगळ्या म्हणून जागा पुरायची. जेवण खानावळीत. त्या वेळच्या गिरणगावात चाळीगणिक एक मंडळ आणि मंडळागणिक एक कबड्डीचा संघ. दादा ज्या मंडळात खेळायला लागला त्यात निम्मे गडी सातारा-सांगलीकडचे आणि निम्मे कोकणातले होते.

मुंबईत या संघांची प्रतवारी असते. प्रथम श्रेणी, द्वितीय श्रेणी, तृतीय श्रेणी. दादा आणि त्याचे सोबती सरळ अ गट, ब गट म्हणत. खालच्या श्रेणीत जे वर येतील त्यांना वरच्या श्रेणीत खेळायला मिळते. हे वर जाणे नुसते मानाचे नव्हते. अ गटाचे सामने रेल्वेचे, बँकांचे, मोठ्या कंपन्यांचे लोक पाहायला यायचे. चांगला चढाईपटू दिसला की नोकरी. कित्येक पोरे कबड्डीच्या जोरावर गिरणीच्या रुईतून सुटून कचेरीच्या पंख्याखाली गेली. ब गटाच्या सामन्याला असे कोणी येत नसे. तिथे प्रेक्षक म्हणजे पाळी संपवून आलेले चाळकरी, खानावळवाल्या मावशी आणि गॅलरीतली मुले.

दादाचा संघ वर्षानुवर्षे ब गटात राहिला. दोनदा अगदी उंबरठ्यापर्यंत गेला. एकदा तर उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला लोण बसला आणि दोन गुण जास्तीचे समोर गेले. मी त्या वेळी सुटीत मुंबईला गेलो होतो, मैदानाच्या कडेला उभा होतो. सामना संपल्यावर दादाने गुडघ्यावरची माती झटकली आणि मला म्हणाला, "चल, पाळीची वेळ झाली." बस एवढेच.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिले दोन-तीन महिने लोकांना वाटत होते, की सुटेल. मग एकेक जण गावाकडे निघाला. आमच्या गावी त्या उन्हाळ्यात जेवढी माणसे होती तेवढी मी आधी कधी पाहिली नव्हती. पण ज्या चाळी रिकाम्या झाल्या तिथल्या संघांचे काय झाले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

दादा मुंबईतच राहिला. त्याचे वय चौतीस झाले होते, खेळ जवळपास संपला होता, पण संघ त्याच्याच हातात होता. पाच गडी उरले होते. पलीकडच्या चाळीच्या मंडळाकडेही पाच-सहाच उरले होते. त्यांनी सुचवले, की दोन्ही मंडळे एक करू, नाव नवे घेऊ किंवा तुमचे-आमचे जोडू, पण ब गटातली जागा राखू. दादाला निर्णय होईना. त्याने मला आंतरदेशीय पत्र पाठवून विचारले, "तू शिकलेला आहेस. काय करू?"

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा. इतिहास आणि मराठी शिकवणारा शिक्षक. अंगात नवा जोर, आणि संप सुटणारच अशी खात्री. मी त्याला दोन पाने भरून उत्तर लिहिले. स्वाभिमान, परंपरा, मातीचे इमान असले शब्द त्यात होते. आणि शेवटी लिहिले, "हरलास तरी चालेल, पण नाव पुसू नकोस."

दादाने प्रस्ताव नाकारला. पुढच्या हंगामात सात गडी मैदानात उभे करता आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. संघ बंद पडला. मंडळाची पाटी पुढे पुष्कळ वर्षे चाळीच्या जिन्याशी होती. नाव पुसले गेले नाही खरे. फक्त ते धारण करणारे कोणी राहिले नाही.

दादाने या बाबतीत मला कधीही एका शब्दाने दोष दिला नाही. २०११ साली तो गेला. त्याची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा त्यात पगाराची पुस्तिका, एक फाटकी बनियन, ज्यावर मंडळाचे नाव होते, आणि माझे ते उत्तर होते. घडीवर तुटायला आले होते. मी कोणाला न सांगता ते खिशात घातले. आज चौदा-पंधरा वर्षे ते माझ्या कपाटात आहे. त्याने ते का जपले होते, अभिमानाने की आणखी कशाने, हे विचारायची सोय राहिली नाही.

आता इथून एकदम आयर्लंडला जायचे आहे. दचकू नका. दादाची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, नवऱ्याच्या नोकरीमुळे गॉलवे परगण्यात राहते हे नातेवाईक मंडळींना ठाऊकच आहे. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, तिथल्या गावच्या क्लबात गेलिक फुटबॉल खेळते. ऑपरेशननंतर डोळ्यावर पट्टी होती त्या दिवसांत ती मला रोज फोन करायची आणि खेळाबद्दल सांगायची.

हा खेळ आपल्या फुटबॉलसारखा नाही. पंधरा-पंधरा गडी, चेंडू हातातही घेता येतो. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. २०२५ पासून लांबून वरून मारला तर दोन. खेळणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ब्याऐंशी हजार माणसांसमोर खेळणारा गडीसुद्धा सोमवारी आपापल्या नोकरीवर जातो.

मी विचारले, "तुमच्या गावचा संघ कसा आहे गं?" ती म्हणाली, "आजोबा, आम्ही इंटरमिजिएट." मला आमच्या वेळची चित्रकलेची परीक्षाच आठवली! मग तिने समजावले. प्रत्येक परगण्यात क्लबांच्या पायऱ्या असतात. वरची सीनियर, मधली इंटरमिजिएट, खालची ज्युनियर. मधल्या पायरीची स्पर्धा जो जिंकेल तो वर जातो. मी उठूनच बसलो. म्हणजे आमचा ब गट की!

मग पुतणीला सांगितले, मला याबद्दल सगळे वाचून दाखव. तिने रोज थोडे थोडे वाचले. जे कळले ते सांगतो.

१ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स नावाच्या छोट्या गावात एका हॉटेलात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे जमली आणि त्यांनी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था काढली. बोलावणारा होता मायकेल क्यूसॅक, आणि हा गृहस्थ होता शिक्षक! डब्लिनला सरकारी नोकरीच्या परीक्षांचे वर्ग चालवायचा. स्वभावाने इतका तिखट, की दोन वर्षांत त्याचे सचिवपद गेले. पण संस्था राहिली. क्यूसॅकचा जन्म १८४७ चा, क्लेअर परगण्यातल्या बरेन या भागाच्या कडेला. पुतणीने तिथले फोटो पाहून वर्णन केले. मैलोन् मैल उघडा करडा खडक, आणि पडेल ते पाणी भेगांतून खाली जाते. मी म्हणालो, ही तर आमची माळजमीन!

तो जन्मला त्या वर्षी तिथे बटाट्याचा दुष्काळ चालू होता. १८४५ ते १८५२ या काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि आणखी दहा लाख देश सोडून गेली. त्या बेटाची लोकसंख्या १८४१ साली ऐंशी लाखांवर होती, ती अजूनही तेवढी झालेली नाही. दुष्काळी कामांवर बांधलेले रस्ते तिथेही आहेत. ज्या देशातली तरणी माणसे बोटीत बसून जात होती, त्या देशाने चाळीस वर्षांनी असे ठरवले, की प्रत्येक धर्मग्रामाचा, म्हणजे एका चर्चच्या पंचक्रोशीचा, एक क्लब असावा आणि माणसाने आपल्या पंचक्रोशीसाठी खेळावे. जे लंडन-न्यूयॉर्कला गेले त्यांनी तिकडे आपले क्लब काढले. गिरणगावातल्या आमच्या मंडळांसारखेच.

त्या खेळामागे राजकारणही होते, आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखेच. इंग्रजी राज्यात आपले खेळ खेळणे हेच एक बोलणे होते. २१ नोव्हेंबर १९२० ला क्रोक पार्कात सामना चालू असताना ब्रिटिश शिपायांनी गोळीबार केला. चौदा जण गेले, त्यात टिपररी संघाचा मायकेल होगन हा खेळाडू होता. मैदानातल्या एका सज्जाला आजही त्याचे नाव आहे. इतके सोसलेली संस्था हट्टी असणार हे ओघाने आले. क्रिकेट, रग्बी असले परके खेळ खेळणाऱ्याला सदस्यत्व नाही, असा त्यांचा नियम होता. पण तो नियम त्यांनी १९७१ साली स्वतःच काढून टाकला. २००७ मध्ये तर त्याच क्रोक पार्कात इंग्लंडचा रग्बी संघ पाहुणा म्हणून खेळून गेला. जे राखायचे ते राखले, जे सोडायचे ते सोडले.

आणि ब गटाचे म्हणाल तर, वरच्या श्रेणीच्या क्लबांची अखिल आयर्लंड स्पर्धा १९७०-७१ पासून आहे. मधल्या श्रेणीची मात्र २००३-०४ पासून सुरू झाली. म्हणजे परगण्याचा ब गट जिंकणारे एखादे खेडे पुढे प्रांत जिंकत जिंकत देशाच्या अंतिम सामन्यापर्यंत जाऊ शकते. मला हे फार शहाणपणाचे वाटले. अ गटात खेळ उंच होतो, पण तो रुजून राहतो तो ब आणि क गटात. अ गटात गावोगावचे निवडक गडी दिसतात. ब गटात गाव दिसते. त्यात वाणसामानाच्या दुकानदाराचा मुलगा कोपऱ्यात असतो आणि गुरुजी पंच असतात.

आपल्याकडे २०१४ साली प्रो कबड्डी आली. मॅट आली, टीव्ही आला. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके पहिल्याच हंगामात दिल्लीकडून चमकला तेव्हा आमची पोरे नाचली. चांगलेच झाले, त्यात वाईट काही नाही. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली, तेव्हा मी शाळेत जाऊन पेढे वाटले होते. पण एकटा हुशार गडी गावातून बाहेर पडून मोठा होतो, आणि गावचा संघ टिकतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची बातमी होते. दुसरीची होत नाही.

शेवटी नातीला मी सहज विचारले, "तुमच्या क्लबाला गडी पुरतात का?" ती म्हणाली, "आता पुरतात. कारण आमचा क्लब दोन गावांचा मिळून आहे. आधी दोन क्लब होते, मॅच असली की भांडायचे." मी विचारले, "मग नाव कोणाचं?" ती म्हणाली, "दोघांचंही नाही, नवीनच आहे. पण जर्सीचा एक रंग त्यांचा आहे आणि एक आमचा." आणि मग म्हणाली, "आजोबा, सगळ्यांना काय आवडलं असतं, मॅचच नसती तर?"

मी काही बोललो नाही. तिला माहीत नाही, की तिच्या सख्ख्या आजोबांचा संघ याच प्रश्नावर संपला. आणि उत्तर कोणी दिले होते, तेही माहीत नाही. आज ते सांगतो आहे.

पोरांनो, तुमच्या बापाचा संघ संपाने मोडला असे तुम्ही समजता. संपाने निम्मा मोडला. उरलेला निम्मा माझ्या पत्राने मोडला. एक केला असता तर कदाचित वर्षा-दोन वर्षांत तसाही संपला असता, गिरण्याच गेल्या तर चाळी किती दिवस टिकणार. पण त्याला पाच-सहा वर्षे संध्याकाळी मैदानावर जायला मिळाले असते. कामधंदा नसलेल्या माणसाला संध्याकाळी जायला एक जागा असणे म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हते. माझा पगार चालू होता.

संजीवनी आणि गामिनीतला फरक वर सांगितला. मी दादाला गामिनी खेळायला लावली. एकदा बाद तो बाद. आता आमच्या गावाचा प्रश्न आहे. टेंभूचे, उरमोडीचे, जिहे-कठापूरचे पाणी माणदेशात काही भागांत आले आहे, डाळिंबे-द्राक्षे दिसू लागली आहेत. उद्या काही पोरे परत येतीलही. पण परत येणाऱ्याला आत घ्यायला मैदानात कोणीतरी उभे असले पाहिजे ना? सगळेच बाद असतील तर उठवणार कोण?

काल डॉक्टरांनी डोळा तपासून बाहेर फिरायला परवानगी दिली. आज सकाळी शेजारच्या गावच्या त्या पाहुण्यांना फोन केला आणि म्हटले, "मागच्या बैठकीत मी बोललो ते चुकीचं होतं. तुमची हरकत नसेल तर येत्या रविवारी आम्हीच तुमच्याकडे येतो." ते क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, "या की गुरुजी. पण नावाचं काय?"

दोन्ही गावांच्या शिवेवरून एक ओढा वाहतो, म्हणजे पावसाळ्यात वाहतो. त्याचे नाव सुचवायचे म्हणतो. रंगाबद्दल दोन्हीकडची पोरे भांडतील, भांडू देत. आमचा भगवा आहे, त्यांचा निळा.

रविवारी जाताना ते पत्र बरोबर नेणार आहे. बैठकीत वाचून दाखवायचे की नाही ते अजून ठरत नाही. पुतण्यांनो आणि बाळ, तुम्ही सांगाल तसे करीन. आता फोन करा.